नशा आणि देहविक्रय करणारे पुरुष

आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही घरांत रेडिओचा आवाज जरा बारीक केला गेला असेल. त्यात मला नवल वाटत नाही. मी गेली अनेक वर्षे महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो आहे, व्यसनांवरचे प्रकरण दरवर्षी फळ्यावर आकृत्या काढून समजावतो आहे. परंतु याच विषयावर एका माणसाशी समोरासमोर बोलण्याची पाळी आली तेव्हा माझी जीभ अडखळली, आणि त्या अडखळण्याची किंमत मला नाही, त्याला द्यावी लागली. तो प्रसंग ओघात सांगेनच.

प्रथम शब्दांचीच अडचण बघा. देहविक्रय करणाऱ्या स्त्रीसाठी आपल्या भाषेत किती शब्द आहेत! गणिका आहे, वारांगना आहे, वेश्या आहे, आणि चारचौघांत उच्चारू नयेत असे आणखी दहा-वीस आहेत. हेच काम पुरुष करीत असेल तर त्याला काय म्हणावे? शब्दच नाही. ‘देहविक्रय करणारा पुरुष’ असे लांबलचक काहीतरी जुळवावे लागते. कायद्याचीही तीच गत होती. १९५६ साली आपल्याकडे अनैतिक व्यापाराविरुद्धचा कायदा झाला, तेव्हा त्याच्या नावातच ‘स्त्रिया व मुली’ असे होते. पुरुषही या व्यवसायात असू शकतो हे कायद्याच्या शब्दांत उतरायला १९८६ ची दुरुस्ती यावी लागली. ज्याला नाव नाही त्याची कुणी गणती करीत नाही, आणि ज्याची गणती नाही त्याच्यासाठी दवाखान्यात बाकडेही ठेवले जात नाही.

आणि ही माणसे काही दूरदेशीची नव्हेत. मुंबईच्या चौपाटीवर संध्याकाळी तेलाच्या बाटल्या खुळखुळवत फिरणारे मालिशवाले आपण सर्वांनी पाहिले आहेत. सगळेच मालिशवाले हा दुसरा धंदा करतात असे मुळीच नव्हे. बहुतेक जण घामाचे पैसे घेऊन घरी जातात. पण त्यांच्यातल्या काहींना गिऱ्हाईक मालिशीपलीकडचे विचारते आणि मालिशीच्या कितीतरी पट पैसे पुढे करते. कुणी हॉटेलात नोकरीला असतो, कुणी वसतिगृहाचे पैसे भरू न शकणारा विद्यार्थी असतो, कुणी गावी बायको-मुले ठेवून आलेला असतो. स्त्रियांच्या वस्तीसारखी यांची वस्ती नाही, गल्ली नाही. पूर्वी रेल्वे स्थानके, बागा अशी ठिकाणे होती. आता बराचसा व्यवहार मोबाइलवर ठरतो. त्यामुळे आरोग्यसेवकाने थैली घेऊन जायचे तरी कुठे, हाच पहिला प्रश्न होऊन बसतो.

आता नशेकडे येऊ. ‘हे लोक मुळातच व्यसनी, म्हणून या धंद्यात पडतात,’ असा एक सोपा समज आहे. पुष्कळदा क्रम याच्या उलट असतो. काम आधी येते, दारू मागून. पहिल्या वेळी लाज मारण्यासाठी एक पेला. पुढे शरीराला होणारा त्रास जाणवू नये म्हणून दोन. मग गिऱ्हाईकच बाटली घेऊन येते आणि ‘मला एकट्याने पिणे आवडत नाही’ म्हणते. तिथे नाही म्हणणे म्हणजे पैशालाच नाही म्हणणे. रात्री उशिरा खोलीवर परतल्यावर झोप लागत नाही, म्हणून आणखी थोडी. आपल्याकडे कारखान्यातला कामगार यंत्राच्या आवाजाने बहिरा होतो तेव्हा आपण त्याला व्यवसायजन्य विकार म्हणतो. मला विचाराल तर यांच्यापैकी पुष्कळांची दारू त्याच जातीची आहे.

परंतु कारण काहीही असो, दारू आपले काम करतेच. ते काम नेमके काय, यावर मानसशास्त्रात १९९० साली क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या दोघांनी एक फार उपयुक्त विचार मांडला. त्यांचे म्हणणे असे की दारू माणसाला वाईट बनवीत नाही, ती त्याची नजर आखूड करते. जवळचे तेवढे दिसते, लांबचे धूसर होते. समोरच्या पाचशे रुपयांच्या नोटा जवळ. सहा महिन्यांनी येणारा रक्ताचा अहवाल लांब. गिऱ्हाईक म्हणते, ‘निरोध नको, वर जास्त देतो.’ शुद्धीतला माणूस मनात हिशेब करतो, आणि तरीही कधी कधी गरजेपोटी हो म्हणतो. प्यायलेल्या माणसाच्या हिशेबात मात्र एकच आकडा उरतो.

याच विचारातून एक गमतीची गोष्ट पुढे आली. कॅनडातील टारा मॅकडॉनल्ड या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मद्यपानगृहात येणाऱ्यांच्या हातावर शिक्के मारले. काहींच्या शिक्क्यात एड्सने मरण येते असे रोखठोक शब्द होते. मग त्यांना प्रश्न विचारले. तो शिक्का असलेली प्यायलेली माणसे, शुद्धीतल्या माणसांपेक्षाही अधिक सावध उत्तरे देताना आढळली! म्हणजे आखूड नजरेला जे अगदी जवळ आणून दाखवावे, ते ती घट्ट धरते. आता प्रयोगातील उत्तर आणि प्रत्यक्षातील वागणूक यांत अंतर असते, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी बजावतो. तरी व्यवहाराची एक खूणगाठ यातून मिळते. सकाळी दिलेले व्याख्यान रात्री उपयोगी पडत नाही; रात्री उपयोगी पडते ते खिशातले पाकीट. पहिला पेला घेण्याआधी निरोध उशाशी काढून ठेवणे, पैसे व अटी शुद्धीत असताना ठरवणे, आपण कुठे आहोत हे एका मित्राला कळवून ठेवणे, या साध्या गोष्टी आहेत. पण त्या प्यायच्या आधीच करायच्या असतात.

शरीराची बाजू जरा स्पष्टच सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. गुदद्वाराच्या आतील अस्तर फार नाजूक असते; त्याला सहज बारीक चिरा जातात आणि रोगजंतूंना वाट मिळते. उपचार न घेणाऱ्या बाधित व्यक्तीशी, कोणतेही संरक्षण न वापरता, योनीमार्गे एकदा संबंध आला तर स्त्रीला एचआयव्हीची लागण होण्याचा अंदाज दहा हजारांत सुमारे ८ इतका धरतात. गुदमार्गाने संबंध स्वीकारणाऱ्यासाठी हाच अंदाज दहा हजारांत सुमारे १३८ आहे. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत, पैसे घेणारे व न घेणारे धरून, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०१७ सालच्या पाहणीत एचआयव्हीचे प्रमाण शेकडा २.६९ आढळले होते. त्याच वर्षी देशातील एकंदर प्रौढांत ते ०.२२ असल्याचा अंदाज होता. बारा पट झाले ना!

आणि आता तेलाची गोष्ट. मालिशवाल्याच्या पिशवीत तेल असणारच. हाताशी आहे म्हणून तेच वंगण म्हणून वापरले जाते. पण निरोध बहुधा लॅटेक्सचा, म्हणजे रबराच्या चिकाचा असतो, आणि तेल लागले की ते रबर काही मिनिटांतच कमकुवत होऊन फाटते. खोबरेल असो, व्हॅसलीन असो, बाळाला लावायचे तेल असो, परिणाम तोच. बिचाऱ्याने निरोध वापरलेला असतो, त्याला वाटते आपण सुरक्षित आहोत. त्यासाठी पाण्याच्या आधारावर बनवलेले वंगण मिळते. अनेक स्वयंसेवी संस्था ते निरोधाबरोबर देतात. निरोधाच्या जाहिराती आपण भिंतीभिंतींवर रंगवल्या, पण तेलाचे हे एक वाक्य त्यांत लिहायला विसरलो.

दारूखेरीज आता दुसरी संकटे आली आहेत. मुंबई-पुण्यात ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’ या नावाने ओळखली जाणारी पूड म्हणजे मेफेड्रोन. हे रसायन प्रथम १९२९ साली तयार झाले होते, पण नशेसाठी त्याचा फैलाव झाला तो या शतकात. आपल्या देशात फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. दारूने माणूस शेवटी झोपतो तरी. या पुडीने झोप आणि भूक दोन्ही पळतात आणि कामवासना व उत्साह तासन्‌तास ताणला जातो. तोंड कोरडे, शरीर कोरडे, आणि दुखापत झाली तरी कळत नाही. एका रात्रीत गिऱ्हाईकेही एकाहून अधिक. काही गिऱ्हाईके हुंगायला एक छोटी बाटली देतात, त्यात नायट्राइट असते. त्याच्या जोडीला ताठरतेची गोळी, म्हणजे सिल्डेनाफिल, घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. हे दोन पदार्थ एकत्र कधीही घेऊ नयेत. कुणी सुईने नशा घेत असेल तर सुई आणि तिच्याबरोबरचे पाणी, चमचा, कापूसही दुसऱ्याचा वापरू नये. सुईतून एचआयव्हीबरोबर काविळीचे ‘ब’ आणि ‘क’ हे विषाणूही जातात. ‘ब’ साठी लस आहे. ‘क’ साठी लस नाही, पण तो आता गोळ्यांनी बहुधा पूर्ण बरा होतो.

आता तो प्रसंग सांगतो.

२०१७ सालची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी अचानक घरी आला. दुष्काळी भागातला, हुशार, वर्गात मागच्या बाकावर बसून नेमका प्रश्न विचारणारा. शहरात नोकरी करतो एवढेच मला ठाऊक होते. चहा झाला. बराच वेळ तो पेल्याच्या कडेवरून बोट फिरवीत बसला आणि मग म्हणाला, “सर, परवा रात्री एकाकडे गेलो होतो. पैशासाठी. त्यांनी खूप पाजली. पुढचं नीट आठवत नाही. काही वापरलं नव्हतं एवढं कळतंय.”

मी काय केले? श्रोतेहो, मी त्याला तासभर दारूवर व्याख्यान दिले. तुझ्या आईवडिलांना काय वाटेल, शिकलास कशाला, असे सगळे बोललो. तो ‘हो सर, हो सर’ करीत ऐकत राहिला, वाकून नमस्कार केला आणि गेला. त्याला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती: आता काय करू? त्याचे उत्तर अस्तित्वात होते. अशा संबंधानंतर ७२ तासांच्या आत, आणि जितके लवकर तितके बरे, एचआयव्हीविरोधी औषधे सुरू केली आणि २८ दिवस घेतली तर लागण बहुधा टळते. तो आला तेव्हा त्याच्या हातात एक रात्र आणि एक दिवस शिल्लक होता. मानसशास्त्राच्या प्राध्यापकाला हे माहीत नव्हते. त्याहून वाईट म्हणजे, माहीत नाही हे कबूल करून एखाद्या डॉक्टरला फोन करण्याचेही मला सुचले नाही.

तिथून तो एका खासगी दवाखान्यात गेला होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले. तिथे डॉक्टरांनी काय झाले हे ऐकून न घेता पुढून तपासले, लघवीची तक्रार नाही ना, एवढे विचारले आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर कंपाउंडर हसला. काही महिन्यांनी रक्त तपासले तेव्हा एचआयव्ही आढळला.

या डॉक्टरांवर मी मोठा राग धरू शकत नाही, कारण मीही त्याच पंक्तीतला. पण त्यांच्या व्यवसायबंधूंना एक विनंती जरूर करीन. गुदद्वारातील परमा पुष्कळदा कोणतेच लक्षण दाखवीत नाही. उपदंशाचा पहिला व्रण दुखत नाही, आत असेल तर दिसतही नाही, आणि आपोआप भरून येतो. रोग मात्र रक्तात मुक्काम ठोकतो. पेनिसिलिनने तो आजही बरा होतो. तेव्हा विचारावे आणि तपासावे. मान खाली न घालता विचारावे. मधल्या ७२ तासांतील उपचाराबाबत मात्र एक अडचण सांगितली पाहिजे. सरकारी रुग्णालयांतील व्यवस्था मुख्यतः कर्मचाऱ्यांना सुई टोचली वा कुणावर लैंगिक अत्याचार झाला, अशांसाठी उभी राहिली. इतरांना अनेकदा खासगी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन औषधे विकत घ्यावी लागतात. संबंधापूर्वीच घेण्याची प्रतिबंधक गोळीही आता आहे, तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने, एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी लागते. ज्याचे कामच धोक्याचे, त्याला या गोळीइतका दुसरा आधार क्वचित मिळेल. कारण ती शुद्धीत असताना घ्यायची असते आणि रात्री प्यायल्यावरही रक्तात पहारा करते. पण उपदंश, परमा यांच्यापुढे तिचा इलाज चालत नाही, म्हणून निरोध सुटत नाही.

एक गोष्ट मला फार खटकते. लैंगिक आरोग्याच्या दवाखान्यात ‘दारू किती घेता?’ हे क्वचितच मनापासून विचारतात. व्यसनमुक्तीच्या केंद्रात ‘पोटासाठी काय करता?’ याचे खरे उत्तर देता येत नाही. शिवाय तिथे बहुधा घरच्यांना बोलावण्याची पद्धत असते. पद्धत चांगलीच आहे, पण ज्याच्या घरी धंद्याचा पत्ता नाही तो पत्नीला घेऊन येणार कसा? दोन दारे, आणि दोन्ही दारांत माणूस अर्धाच उभा. ज्या दिवशी तो दारू सोडतो त्या दिवशी त्याची रात्रीची कमाई बुडते, हेही कुणी गृहीत धरत नाही. म्हणून ‘आधी सोड, मग ये’ असे म्हणणारी सेवा त्याच्या कामाची नाही. आज कमी घे, पेल्यागणिक पाणी पी, पोटात अन्न घालून जा, दोन नशा एकत्र करू नको, असे पायरीपायरीने सांगणारी हवी. मात्र जो रोज पितो आणि न पिल्यास ज्याचे हात कापतात, त्याने एकदम बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. तसे न केल्यास झटके येऊन जीव धोक्यात येतो.

हे सगळे अंधारातच आहे असे नव्हे. पत्रकार अशोक राव कवी यांनी १९९४ साली मुंबईत हमसफर ट्रस्ट स्थापन केला, आणि पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना त्यांच्यातल्याच माणसाने भेटून तपासणीस नेण्याचा पाया घातला. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्याच हाती निरोधवाटपाचे काम दिले. तिच्या प्रेरणेने पुढे पुरुष व तृतीयपंथी व्यक्तींचा ‘मुस्कान’ हा संघ उभा राहिला. जो स्वतः त्या वाटेने गेला आहे त्याला फाटलेल्या निरोधाचे कारण लगेच कळते. आम्हा प्राध्यापकांना त्यासाठी ग्रंथ उघडावा लागतो.

कायद्याच्या बाबतीत थोडे बोलून पुढे जातो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीने झालेले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. २०१७ चा एचआयव्ही-एड्सविषयक कायदा निरोध वा स्वच्छ सुया पुरवण्याच्या कामाला संरक्षण देतो. मे २०२२ च्या आदेशात तर सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की देहविक्रय करणाऱ्याने आरोग्यासाठी जवळ बाळगलेला निरोध हा गुन्ह्याचा पुरावा समजू नये. परंतु १ जुलै २०२४ पासून जी नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तीत जुने ३७७ कलम नाही, आणि प्रौढ पुरुषावर बलात्कार झाला तर त्यासाठीचे स्वतंत्र कलमही नाही. पाजून बेशुद्ध केलेल्या माझ्या विद्यार्थ्यासारख्याने आज तक्रार करायची म्हटले तर पोलिसाने कोणते कलम लावावे?

तो विद्यार्थी आज उपचार घेतो. या रोगाची औषधे सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळतात. रोज नियमाने घेतली आणि रक्तातील विषाणू तपासणीत सापडेनासा होऊन तसाच राहिला, तर शारीरिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हे आता निश्चित झाले आहे. तो नोकरी करतो. धंदा बराचसा सुटला आहे, दारू कमी झाली आहे. पूर्ण सुटली असे तोही म्हणत नाही आणि मीही म्हणवून घेत नाही.

गेल्या दिवाळीत तो घरी आला होता. फराळ करता करता म्हणाला, “सर, एक विचारू? ज्या दिवशी घेतो त्या दिवशी मी गोळी चुकवतो. दोन्ही एकत्र झालं की विष होतं असं खोलीवरचे सांगतात. खोलीवरचे दोघेही तसंच करतात.”

या वेळी मी व्याख्यान दिले नाही. त्याच्यासमोरच त्याच्या केंद्रातील डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, दारूने यकृताचे नुकसान होते ते वेगळे, तिच्याबद्दल आपण स्वतंत्र बोलू. पण गोळी चुकवू नये. चुकवलेल्या गोळीने विषाणू पुन्हा डोके वर काढतो आणि पुढे औषधालाही दाद देईनासा होतो. प्यायलेला असलास तरी ठरल्या वेळी गोळी घे, आणि ती वेळ प्यायला बसण्याच्या आधीची ठेव.

त्याने मोबाइलमध्ये संध्याकाळी सातचा गजर लावला. मग एचआयव्हीसंबंधीच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक, १०९७, खोलीवरच्या दोघांसाठी एका चिठ्ठीवर लिहून घेतला, आणि चकलीची पुडी खिशात घालून शेवटच्या गाडीला निघाला.